जिभेखाली बर्फ

तिसऱ्या वर्षी तापानं माझे कान नेले.
आईनं इस्त्रीच्या टेबलाशी उभं करून
लोकांची तोंडं वाचायला शिकवलं,
गिऱ्हाइकांची नावं पुन्हा पुन्हा घोळवत.
म्हणून शपथेवर सांगते :
कॅन्सस सिटीच्या त्या थिएटरात
लुव्हिनिया टार्पली खरं काय बोलत होती
ते फक्त मला ठाऊक होतं.

आमचा खेळ रात्री बाराचा.
गोरी माणसं घरी जाऊन निजली की
त्यांच्या शेंगांची टरफलं खुर्च्यांवरून झाडून
आम्ही बसायचो. खाली, मधोमध.
एरवी आम्हाला मागचा जिना आणि वरचा कोंदट सज्जा.
पियानो मला तळपायांना कळायचा.
मूकपट होता. तेवढ्या दोन तासांपुरतं
सगळं थिएटर माझ्या बरोबरीला यायचं.

पडद्यावर बाग. जून महिना.
ती वकिलाची मुलगी, हातात पुस्तक,
(धुण्याची टोपली नव्हे, पुस्तक!)
समोर गुडघ्यावर एक तरणा डॉक्टर.
पाटी आली : 'मी जन्मभर तुझी वाट पाहीन.'
बायका रुमाल शोधू लागल्या.
मी फिसकन हसले. आईनं चिमटा काढला.
लुव्हिनिया म्हणत होती,
'आटप लवकर, एझ्रा, तोंडातला बर्फ विरघळला.'

बर्फ कशाला, ते पुढे कळलं.
शिकागोत, ऐन नोव्हेंबरात, बिनछपराच्या सेटवर
जून उभा करायचा
तर श्वासाची वाफ दिसून कसं चालेल?
दर शॉटआधी जिभेखाली एक खडा.
अंगात मलमलीचा झगा,
तिच्याच खिडकीचा पडदा काल रात्री उतरवून शिवलेला.
रोजचे पाच डॉलर, तेही फिल्म खपली तर.
आणि खपवायचीही तिनंच :
इंजिनाला लागून असलेल्या काळ्यांच्या डब्यात
खिडकीतून ठिणग्या यायच्या,
मांडीवर पेटायला टपलेली चार रिळं.
ओला कोट त्यांच्यावर पसरून
ती मेम्फिसपर्यंत तशीच बसून जायची,
जागी.

मग चित्रं बोलू लागली. सगळे हरखले.
मी पाट्यांना मुकले.

ती लॉस एंजेलिसला गेली.
मी तिला दारांच्या चौकटीत शोधायची.
पांढरा एप्रन, ट्रे, ट्रेवर दुसऱ्याचा चहा.
एकदा नाव पर्ल, एकदा डेलिया,
बहुतेकदा नावच नाही.
वक्तृत्वाची दोन पदकं मिळवलेली बाई!
शेजारीण कागदावर लिहून द्यायची :
'आज पुन्हा तिला मोडकंतोडकं बोलायला लावलंय.'
मला काय ते लिहून हवं होतं?
मोडलेला शब्द ओठांवर दिसतो,
शिवण उसवलेल्या झग्यासारखा.

एका चित्रात ती मालकिणीचे केस विंचरते.
पाठ आमच्याकडे. 'होय बाईसाहेब' ऐकू आलं म्हणे.
मी आरशाच्या कोपऱ्यात बघत होते,
जिथे तिचा अर्धा चेहरा चुकून राहिला होता.
मालकीण बोलत होती, बोलतच होती,
आणि त्या अर्ध्या ओठांनी, आवाज न करता,
'आटप लवकर, एझ्रा.'

आवाज यंत्रात नोंदला गेला नाही.
माझ्याकडे नोंदला गेला.
ती जून महिन्याची फिल्म आता कुठे नाही,
चांदीसाठी वितळवली, असं कुणी म्हणतं,
कुणी म्हणतं तळघरात आपोआप जळाली.

एक्केचाळीस साली मी सेंट्रल ॲव्हेन्यूवर
तिच्या केशभूषेच्या दुकानात गेले.
चुलीवर कंगवा तापत होता,
भिंतीवर एकही फोटो नव्हता.
चिठ्ठीवर लिहिलं : एझ्रा कोण होता?
तिनं वाचलं. चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली,
माझी मान हलकेच खाली दाबली,
आणि समोरच्या आरशात
पुष्कळ वेळ काहीतरी सांगत राहिली.

दातांत पिना होत्या.
मला वाचता आलं नाही.